माझी सतरा वर्षांची पाटी आणि शाळेच्या कपाटातले वीस टॅब

परवा शनिवारी आपल्या गावच्या जिल्हा परिषद शाळेत व्यवस्थापन समितीची बैठक झाली. विषय क्रमांक चार : शाळेतील जुने टॅब निर्लेखित करणे. बाईंनी कपाट उघडलं. खालच्या कप्प्यात वीस टॅब, प्रत्येकाच्या पाठीवर पांढऱ्या रंगाने नंबर घातलेला. सहा वर्षांपूर्वी एका दानशूर माणसाने दिलेले. त्या दिवशी मंडप होता, हार होते, माझी पोरगी बालवाडीत होती आणि तिला टॅब हातात देऊन फोटोसाठी पुढे उभं केलं होतं. तो फोटो अजून माझ्याकडे आहे. पोरगी आता सहावीत आहे. टॅब कपाटात.

विषय दोन मिनिटांत मंजूर होऊन पुढे जायचा होता. डेडस्टॉक रजिस्टरात नोंद करायची, ठराव घ्यायचा, भंगारात द्यायचे, आणि ग्रामपंचायतीच्या निधीतून नवे पंधरा घ्यायचे. मी म्हटलं, "थांबा की जरा. एकदा चालू करून तर बघू." त्यावर आमचा एक सदस्य मित्र हसला आणि माझ्या पिशवीकडे बोट दाखवून म्हणाला, "ह्याला नका विचारू. ह्याच्या पिशवीत काय आहे ते बघा आधी. ह्याचं चाललं तर हा कुणाला काहीच टाकू देणार नाही."

हसले सगळे. मीही हसलो. पण रात्री झोप लागेना, म्हणून हे लिहायला बसलोय. लांबलचक होणार आहे. ज्यांना घाई आहे त्यांनी शेवटचे दोन परिच्छेद तेवढे वाचा.

पिशवीतली वस्तू गावातल्या बऱ्याच जणांनी बघितलीय. नोकिया एन-८१०. फोन नाही तो. कंपनीने त्याला नाव दिलं होतं 'इंटरनेट टॅब्लेट'. लक्षात घ्या, ही २००७ ची गोष्ट. आयपॅड जगाला दिसला तो जानेवारी २०१० मध्ये. त्याच्या आधी टॅब्लेट म्हटलं की आपल्याकडे लोकांना औषधाची गोळीच आठवायची. नोकियाने पहिला इंटरनेट टॅब्लेट, ७७० नावाचा, २००५ साली काढला. मग २००७ च्या सुरुवातीला एन-८०० आणि त्याच वर्षी ऑक्टोबरात हा एन-८१०. अमेरिकेत किंमत ४७९ डॉलर. माझा मावसभाऊ तेव्हा तिकडे नोकरीला होता. २००८ च्या दिवाळीत आला तेव्हा त्याने तो मला दिला. त्याला दुसरं काही घ्यायचं होतं आणि मी तेव्हा मिरजेत सायबर कॅफे चालवत होतो. आठ कॉम्प्युटर, तासाला पंधरा रुपये, आणि लाइट गेली की पैसे परत. असल्या माणसाच्या हातात खिशात मावणारं इंटरनेट आलं तर त्याचं काय होणार? मी महिनाभर दुकानात कमी आणि त्या पडद्यात जास्त होतो.

चार इंचांच्या आसपासचा पडदा, पण त्यावर ८०० गुणिले ४८० ठिपके, म्हणजे वेबपान आडवं, जवळजवळ पूर्ण दिसायचं. वरची बाजू सरकवली की खालून छोटा कीबोर्ड निघतो. पाठीमागे एक धातूचा पाय आहे, तो उघडला की टेबलावर फोटोफ्रेमसारखा उभा राहतो. बाजूला काडी, म्हणजे स्टायलस. आणि भर उन्हात वाचता येतो. हे शेवटचं फार कमी लोकांना पटतं. आजचा तीस हजारांचा फोन दुपारी बारा वाजता शेतात काढा, आरसा होतो त्याचा. हा उन्हात उलट स्पष्ट दिसतो. उसाच्या पाण्याच्या पाळ्या मी अजून ह्यातच टिपतो, बांधावर बसून.

बायको त्याला 'पाटी' म्हणते. "अहो, तुमची पाटी चुलीजवळ राहिलीय." सुरुवातीला टोमणा होता, आता नावच पडलंय.

आता खरी गोष्ट. आत मेमरी किती, तर १२८ एमबी. आज दुकानात येणाऱ्या एखाद्या फॉर्मची स्कॅन केलेली फाइल कधी कधी ह्याच्या चौथ्या हिश्श्याएवढी असते. तरी हा सतरा वर्षं टिकला, आणि शाळेचे टॅब, ज्यांची ताकद ह्याच्या कैकपट आहे, ते सहा वर्षांत निर्लेखनाला आले. का? मी जपून वापरतो म्हणून? काही अंशी असेल. पण मी मूळचा फार जपणारा माणूस नाही, माझी मोटारसायकल बघितलेल्यांनी साक्ष द्यावी. हा टिकला तो दोन कारणांनी, आणि दोन्ही कारणं माझ्या गुणांची नाहीत.

पहिलं, बॅटरी. मागचं झाकण नखाने निघतं. आत बीपी-४एल नावाची बॅटरी, १५०० एमएएच. हीच बॅटरी नोकियाच्या ई-७१ मध्ये होती, ई-६३ मध्ये होती, इतरही बऱ्याच फोनांत होती. ई-६३ आणि ई-७१ आपल्याकडे किती खपले ते आठवा. बँकेतला प्रत्येक साहेब आणि इन्शुरन्सवाला ते घेऊन फिरायचा. त्यामुळे अमेरिकेतून आलेल्या ह्या यंत्राची बॅटरी मला सांगलीत स्टँडजवळच्या दुकानात मिळाली. आजवर तीनदा बदलली. शेवटची साडेतीनशे रुपयांना. नकली फार येतात, म्हणून दुकानातच तासभर लावून बघून घेतो. पण मुद्दा काय, की बदलायला मला कुणाची परवानगी लागली नाही, स्क्रू लागला नाही, गरम हवेचं मशीन लागलं नाही.

शाळेच्या टॅबांची बॅटरी आत डिंकाने चिकटवलेली आहे. बैठकीत आम्ही वीसही टॅब चार्जरला लावले. चार फुगलेले निघाले, एकाचा तर पडदा पाठीपासून सुटून वर आलेला. (हे चार मी लगेच बाजूला काढायला लावले. फुगलेली बॅटरी दाबायची नाही, टोचायची नाही, पोरांच्या हाती तर अजिबात द्यायची नाही. घरात कुणाचा फोन असा फुगला असेल तर आजच बंद करून बाहेर ठेवा.) तीन काही केल्या चालू झाले नाहीत. राहिले तेरा. तेराच्या तेरा चालू झाले, पडदे चांगले, स्पर्श चांगला, आवाज येतो. बाईंनाही आश्चर्य वाटलं.

आणि मग त्यातलं ते शिकवण्याचं अ‍ॅप उघडलं. तेराही पडद्यांवर एकच निरोप. ही आवृत्ती आता चालणार नाही, अपडेट करा. अपडेट करायला गेलं तर, तुमच्या उपकरणासाठी उपलब्ध नाही.

म्हणजे बघा. वीसपैकी सात यंत्रं बिघडली. तेरा बिघडलेली नाहीत. त्यांना बाहेरून वाळीत टाकलंय. आणि रजिस्टरात आपण वीसच्या वीस 'नादुरुस्त' लिहिणार होतो.

आता माझ्या पाटीलाही कंपनीने वाळीत टाकलंच होतं, हे खोटं कशाला बोलू. नोकियाने ह्या टॅब्लेटांसाठी मीमो नावाची प्रणाली बनवली होती, लिनक्सवर बेतलेली, डेबियन घराण्यातली. २००८ मधली तिची शेवटची मोठी आवृत्ती ह्यावर आहे. २००९ मध्ये एन-९०० आला, त्याच्यासोबत मीमो ५ आली, ती ह्या जुन्यांना अधिकृतपणे मिळाली नाही. २०१० मध्ये मीमो इंटेलच्या मोब्लिनमध्ये विलीन होऊन मीगो झाली. फेब्रुवारी २०११ मध्ये नोकियाने मायक्रोसॉफ्टशी हातमिळवणी जाहीर केली आणि मीगोचा कारभार आटोपला. एप्रिल २०१४ मध्ये फोनचा धंदाच मायक्रोसॉफ्टकडे गेला. त्याच वर्षी १ नोव्हेंबरला चेन्नईजवळच्या श्रीपेरंबुदूरचा कारखाना थांबला. २००६ पासून तिथून किती फोन आपल्या खिशात आले, आणि किती पोरींचे पगार त्यावर चालले, तो वेगळाच विषय आहे.

एवढं सगळं होऊनही पाटी चालली, ते दुसऱ्या कारणामुळे. कंपनीने दार बंद केलं, पण किल्ली मालकाच्या हातात राहू दिली. ह्या यंत्रात काय घालायचं ते मी ठरवू शकतो. प्रणालीचा बराचसा भाग खुला होता. सगळा नव्हे, बॅटरी चार्ज करण्याचा भाग वगैरे बंदच ठेवलेला. पण जेवढा खुला होता त्यावर जगभरच्या लोकांनी काम चालू ठेवलं. कंपनीने अपडेट थांबवल्यावर लोकांनीच दुरुस्त्या करून आपापसांत वाटल्या. सगळ्यात जुन्या ७७० साठी तर नोकियाच्याच माणसांनी पुढची प्रणाली 'हॅकर एडिशन' म्हणून काढून दिली होती, हमी नाही, पण घ्या आणि वापरा. ह्या जुन्या टॅब्लेटांना नवी प्रणाली मिळावी म्हणून लोकांनी 'मेर' नावाचं काम सुरू केलं. तेच नाव पुढे २०११ मध्ये मीगोचं उरलेलं काम पुढे नेणाऱ्यांनी घेतलं, आणि फिनलंडच्या जोला कंपनीची सेलफिश प्रणाली त्याच पायावर उभी राहिली. जुनं न टाकणाऱ्या माणसांच्या हट्टातून एवढं निघालं.

शाळेच्या टॅबांचं मी बघितलं. त्यांचं आतलं कुलूप कंपनीने बंद ठेवलंय. कंपनीला दोन मेल केले, उत्तर नाही. ज्याने पैसे दिले त्याला किल्ली नाही, ज्याच्याकडे टॅब आहे त्याला किल्ली नाही, आणि ज्याच्याकडे किल्ली आहे त्याला आता ह्या टॅबशी काही देणंघेणं नाही.

आता माझ्याविरुद्धची बाजूही मीच मांडतो, नाहीतर कुणीतरी मांडेलच.

माझ्या पाटीवर आजचं इंटरनेट जवळजवळ चालत नाही. हे खरंय. कारण समजून घ्या, कारण तेच शाळेच्या टॅबांचं पुढचं दुखणं आहे. तुम्ही एखादी साइट उघडता तेव्हा तुमचं यंत्र आणि ती साइट आपसात कुलूप लावून बोलतात, मधल्या कुणाला कळू नये म्हणून. हे कुलपाचे प्रकार बदलत गेले. पाटीला जुना प्रकार येतो. २०२० मध्ये क्रोम, फायरफॉक्स सगळ्यांनी तो जुना प्रकार बंद केला, तसा तो साइटवाल्यांनीही बंद करत आणला. दुसरं, साइट खरी की खोटी हे तपासायला यंत्रात काही मूळ प्रमाणपत्रं भरलेली असतात आणि त्यांना मुदत असते. ३० सप्टेंबर २०२१ ला असंच एक मोठं प्रमाणपत्र मुदत संपून गेलं, लाखो साइट त्याच्या भरवशावर होत्या. जगभरची किती तरी जुनी यंत्रं त्या दिवशी अडली. पडदा तोच, हात तोच, आणि यंत्र म्हणतं, मी ह्या साइटला ओळखत नाही.

हे कुणी वाईटपणाने केलं नाही. जुनी कुलपं खरंच फोडता येतात, म्हणून बंद केली. त्यामुळे मी पाटीवर बँकेचं काम करत नाही, पासवर्ड टाकत नाही, आणि तुम्हीही जुन्या फोनवर करू नका. दुकानात येणाऱ्याला मी हेच सांगतो. निष्ठा वगैरे ठीक आहे, पण चोरासाठी कडी उघडी ठेवून कसली निष्ठा?

मग पाटीवर करतो काय? वाचतो. एफबीरीडर नावाचं पुस्तक वाचायचं सॉफ्टवेअर ह्यावर आहे, बटण दाबलं की पान उलटतं, निरोप येत नाही, घंटा वाजत नाही, मध्येच कुणी कर्ज देऊ करत नाही. टिपणं करतो. पावसाची नोंद ठेवतो, २००९ पासूनची. आणि बाहेरची पानंही वाचतो, त्यासाठी एक युक्ती केलीय. घरी जुन्या कॉम्प्युटरवर एक मध्यस्थ बसवलाय. तो बाहेर जाऊन नव्या कुलपाने पान आणतो, त्यातला भपका काढून टाकतो आणि घरातल्या घरात पाटीला साधं पान देतो. म्हातारे आजोबा घरी बसलेत आणि नातू बाजारातून आणून देतोय, तसं.

ही युक्ती लक्षात ठेवा. शाळेसाठी मला तीच वापरायचीय.

बाईंना विचारून मी तेरापैकी दोन टॅब घरी आणले. जुना कॉम्प्युटर, एक वाय-फायचा राउटर, बाहेरचं इंटरनेट शून्य. कॉम्प्युटरमध्ये बालभारतीच्या पुस्तकांच्या पीडीएफ भरल्या, त्या मंडळाच्या संकेतस्थळावरून फुकट उतरवता येतात. किविक्स नावाच्या सॉफ्टवेअरमध्ये मराठी विकिपीडिया भरला, तो पूर्ण साठवून इंटरनेटशिवाय वाचता येतो. बाईंनी स्वतः केलेले गणिताचे काही व्हिडिओ होते, तेही टाकले. टॅबमध्ये नवीन काही घातलं नाही, फक्त ते बिनकामाचं अ‍ॅप काढलं. टॅबमधला साधा ब्राउझर उघडायचा आणि घरातल्या कॉम्प्युटरचा पत्ता टाकायचा. बस्स.

दहा दिवस पोरीने आणि तिच्या मैत्रिणींनी वापरलं. चाललं. अगदी लोण्यासारखं नाही. एका टॅबवर व्हिडिओ अडखळतो, मोठी पीडीएफ उघडायला वेळ लागतो. एका मैत्रिणीने विचारलं, "काका, ह्यात गेम नाही?" नाही म्हटल्यावर तिचा चेहरा पडला. पण दुसऱ्या दिवशी तीच विकिपीडियात 'व्हेल' वाचत बसली होती आणि जेवायला हाका मारल्या तरी उठेना.

बैठकीत दोन आक्षेप आले, दोन्ही मला मनाला लागले म्हणून सांगतो. एक सदस्य म्हणाला, "निधी आहे तर घेऊ की नवे, आपल्या खिशातून कुठं जातंय?" दादा, गावाच्याच खिशातून जातंय. त्याच निधीवर मुलींच्या स्वच्छतागृहाचं दारही अडलंय, तो विषय क्रमांक सात होता आणि वेळेअभावी पुढे ढकलला.

दुसरा आक्षेप बाईंचा. त्या म्हणाल्या, "तुमचं पटतंय हो, पण आपल्या पोरांनी नेहमी जुनंच का वापरायचं? शहरातल्या शाळेत नवं, आणि आमच्याकडे कुणीतरी चालवून दिलेलं." ह्यावर माझ्याकडे पटकन उत्तर नव्हतं. आताही पूर्ण नाही. मी हौसेने जुनं वापरतो, माझ्या दुसऱ्या खिशात नवा फोन असतो. पोरांना निवड नाही. बाईंचं म्हणणं खरं आहे आणि म्हणूनच मी 'नवे घेऊ नका' म्हणत नाहीये. घ्या. पण असे घ्या की ही सहावीतली पोरं दहावीला जातील तेव्हा ते टॅब पहिलीच्या पोरांच्या हातात चालू असतील. नाहीतर पुन्हा मंडप, पुन्हा हार, आणि पुन्हा कपाट.

आणि हे मागणं काही आभाळातलं नाही. युरोपात २० जून २०२५ पासून नियम लागू झालाय. फोन आणि टॅबची विक्री थांबल्यावरही निदान पाच वर्षं प्रणालीचे अपडेट मिळायला हवेत आणि सुटे भाग सात वर्षं. फेब्रुवारी २०२७ पासून तिकडे बॅटरी ग्राहकाला स्वतः काढता येईल अशी ठेवायचा नियम येतोय, थोड्या सवलती सोडून. म्हणजे २००७ साली माझ्या पाटीला जे नखाने उघडणारं झाकण होतं, तिथे जग वीस वर्षांनी कायदा करून परत चाललंय. आपल्याकडे केंद्राच्या ग्राहक खात्याने २४ डिसेंबर २०२२ ला 'राइट टू रिपेअर'चं पोर्टल सुरू केलं. वस्तू दुरुस्त करायला किती सोपी त्याचे गुण ठरवायला समिती नेमली, तिचा अहवाल २०२५ मध्ये सादर झाला. चांगलं आहे. पण ते गुण खोक्यावर छापून येईपर्यंत शाळेची खरेदी थांबणार नाही, आणि खरेदीचा कागद आपल्या हातात आहे.

ई-कचऱ्याचं एकच सांगतो. संयुक्त राष्ट्रांच्या अहवालानुसार २०२२ मध्ये जगात ६ कोटी २० लाख टन ई-कचरा झाला आणि त्यातला रीतसर गोळा होऊन प्रक्रियेला गेल्याची नोंद फक्त २२.३ टक्क्यांची आहे. उरलेला कुठे जातो ते आपल्या ओढ्याकाठी जाऊन बघा. तारा जाळून तांबं काढतात तिथे. वास मैलभर येतो.

तेव्हा गुरुवारी दुपारी चारला पुन्हा बैठक आहे, शाळेतच. मी मांडणार आहे की सातच टॅब निर्लेखित करा, आणि ते भंगारवाल्याला न देता अधिकृत ई-कचरा गोळा करणाऱ्याकडे पावती घेऊन द्या. तेरा वाचनासाठी ठेवा. नवे घेताना दर मागवायच्या कागदातच लिहा की अपडेट कोणत्या सालापर्यंत मिळणार, बॅटरी बदलायला किती खर्च येणार आणि कुठे बदलून मिळणार, आणि अपडेट थांबले की कुलूप उघडून देणार का. जो पुरवठादार हे लिहून देणार नाही त्याचा दर कितीही कमी असो, पाकीट बाजूला. आणि अभ्यासाचं साहित्य अ‍ॅपमध्ये अडकलेलं नको, फाइलींत हवं. अ‍ॅप जाईल, फाइल शाळेची राहील. पालकांनी यावं. दोन-चार आवाज मागे असले की ठराव नीट लिहिला जातो, हा माझा अनुभव आहे.

येताना एक मदत हवीय. कुणाच्या माळ्यावर चालू स्थितीतला जुना वाय-फाय राउटर पडून असेल तर दुकानात आणून द्या, एक कमी पडतोय. आणि नोकियाचा बारीक पिनचा चार्जर सापडला तर तोही आणा. तो शाळेसाठी नाही, पाटीसाठी. तिचा परवा उंदराने कुरतडला.